न मोजलेले दिवस

पाळीची शेवटची तारीख कोणती, असं चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी बिनदिक्कत थाप मारली. "आठ," म्हटलं. आठ हा आकडा तोंडात आला, कारण त्या महिन्यात पटसंख्येचा तक्ता केंद्रप्रमुखांकडे पाठवायची मुदत आठ तारखेची होती. शासनाच्या सगळ्या तारखा माझ्या डोक्यात पक्क्या बसलेल्या असतात. माझ्या स्वतःच्या अंगाची एकही नव्हती. बाईंनी कागदावर आठ लिहिलं. तो कागद सोनोग्राफीवाल्याकडे गेला, तिथून रक्त तपासणाऱ्याकडे गेला, आणि जो तो ती आठ तारीख आपल्या कागदावर उतरवून घेत गेला. पुढचे तीन महिने माझी सगळी तपासणी पटसंख्येच्या तक्त्यावर चालली होती.

खरं विचारलं असतं तर त्या दिवशी माझा कितवा दिवस होता, हेही मला सांगता आलं नसतं. अठरावा असेल, बाविसावा असेल. मधे दोन दिवस कोरडे गेले होते. ते धरायचे की सोडायचे?

तेव्हा मी बेचाळीसची होते. धानोरा तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवायची आणि राहायला गडचिरोलीला होते. रोज स्कूटीनं जाणं-येणं. नवरा वीज कंपनीत लाइनमन, मुलगी दहावीत. घर नीट चाललेलं होतं. फक्त मी दोन वर्षं धड बसलेली नव्हते. बसले की उठायचं, उठले की मागं वळून पाहायचं. वर्गातल्या खुर्चीवर मी घडी केलेलं पोतं टाकून ठेवलं होतं आणि मुलांना सांगितलं होतं की खुर्चीचा खिळा वर आला आहे. मुलं एवढी गुणी की एकानं घरून हातोडी आणली. तिसरीतल्या पोरी तर माझी नक्कल करायला लागल्या. चालता चालता थांबायचं, पदर मागून पुढं ओढायचा, मान वळवून पाहायचं आणि मग पाढे म्हणायचे. मीही हसले त्यांच्यासोबत. घरी आल्यावर मात्र मोरीत उभी राहून रडले, आणि रडताना पुन्हा साडी पिळत होते, कारण रडायला वेगळा वेळ काढणं परवडणारं नव्हतं.

नवरा चिडवायचा. "तुले काय बुडाले काटे टोचून राह्यले का? जरा बस ना एका जागी." तो वाईट माणूस नाही. विजेच्या खांबावर चढून बिघाड शोधणाऱ्या माणसाला घरातला बिघाड दिसत नाही, एवढंच.

एकदा नणंदेकडे मोहर्लीला लग्न होतं. नणंदेचा नवरा जंगलात जिप्सी चालवतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या हौसेनं आम्हा सगळ्यांना सफारीला न्यायचं ठरवलं. लांबलांबून लोक वाघ पाहायला येतात, आणि आपल्याला तर घरचीच गाडी. मी गेटवर पहिला प्रश्न विचारला, आत कुठं उतरता येतं का? नाही, म्हणाला, चार तास गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. मी डोकं दुखतं म्हणून मागं राहिले. सगळे चार तासांनी आले तेव्हा त्यांनी वाघीण आणि तिची दोन पिल्लं पाहिली होती. मी गेटजवळच्या संडासाचं दार पाहिलं होतं, आतून आणि बाहेरून. माझा इतका संताप झाला होता की नणंदेशी मी जाईपर्यंत नीट बोलले नाही, आणि तिची काहीच चूक नव्हती.

आता कोणी विचारेल, शिकलेली बाई तू, दोन वर्षं काय करत होतीस? त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. सिकलचं कार्ड.

आमच्या भागात सिकलसेल ही घरोघरची गोष्ट आहे. शाळेत शिबिर होतं, बोट टोचतात, कार्ड मिळतं. बरीच वर्षं झाली, मुलांच्या रांगेत मीही उभी राहिले होते आणि माझं कार्ड निघालं, वाहक. म्हणजे आजार नाही, फक्त रक्तात त्याचं अर्धं बी आहे. लग्न ठरवताना समोरच्याचंही पाहून घ्यायचं, बाकी आयुष्य सगळ्यांसारखं. हे मी स्वतः गावातल्या आयांना कितीदा समजावून सांगितलं असेल. पण सांगणारी मी वेगळी आणि ऐकणारी मी वेगळी. मला चक्कर यायला लागली, हिमोग्लोबिन सातवर आलं, तेव्हा ज्यानं ज्यानं ते कार्ड पाहिलं तो तो म्हणाला, "सिकल आहे ना तुमाले? मंग रक्त कमी राहणारच, मॅडम." लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मी मान डोलावली आणि घरी आले.

खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. सिकल म्हटलं की मुख्याध्यापक गंभीर होतात, रजेचा अर्ज मुकाट ठेवून घेतात. रक्तस्राव म्हटलं असतं तर ते पंख्याकडे बघत बसले असते. एका कार्डानं कमरेखालचा सगळा विषय झाकून टाकला. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात. मी तर स्वतःचंही वाकून पाहत नव्हते.

चंद्रपूरला गेले तेसुद्धा नवऱ्यानं हट्ट केला म्हणून. परिपाठाच्या वेळी मी मुलांसमोर कोसळले होते आणि ती बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. चंद्रपूरच्या बाईंनी सोनोग्राफी करून घेतली. पिशवी थोडी सुजलेली, आतलं अस्तर थोडं जाड. तुकडा काढून तपासायला पाठवला. कशासाठी, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी घरातले सगळे डबे घासले, मुलीची जुनी पुस्तकं वर्गवार लावली, नवऱ्याशी तीनदा भांडले आणि एकदा विनाकारण धानोऱ्याच्या पुढं वीस किलोमीटर स्कूटी चालवत गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी मोहाची झाडं आणि त्यांच्याखाली पावसानं वाढलेलं गवत. मरायचं तर नाही मला, एवढंच डोक्यात येत होतं. पोरगी दहावीत आहे.

कॅन्सर नव्हता. बाई म्हणाल्या, "चांगला रिपोर्ट आहे."

"मग काय आहे?" मी विचारलं.

"या वयात होतं असं. हार्मोन्सचा गोंधळ असतो. मूल तर आता नको आहे ना? पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल."

सगळ्यांना हायसं वाटलं. आमच्याकडे चाळिशीतल्या बाईची पिशवी काढणं म्हणजे दुखरी दाढ काढण्याइतकी सवयीची गोष्ट. शाळेतल्या दोन मॅडमची काढलेली, नणंदेची काढलेली, वहिनीची काढलेली. सगळ्या जणी फोनवर मला धीर द्यायला लागल्या. दिवाळीच्या सुटीतला दिवस ठरला. डबे कोण करणार, कपडे कोण धुणार, सगळं ठरलं. एकट्या मलाच चैन पडत नव्हतं. ऑपरेशनची भीती होती म्हणून नव्हे. मला काय झालं आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बिघाड कुठं आहे हे न शोधता मीटर काढून न्यायचं, असं नवरा कधी करेल का? मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "तू लय डोकं लावतं."

इथं मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा हा मूर्खपणा कोणाला कळणार नाही.

आईचं घर नागभीडजवळच्या एका खेड्यात. आमचे आजोबा धम्म स्वीकारलेल्या पहिल्या पिढीतले. आईनं लहानपणी तिच्या आईला त्या चार दिवसांत गोठ्याशेजारी निजताना पाहिलं होतं. स्वतःच्या संसारात तिनं ते समूळ उपटलं. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "यात विटाळ-बिटाळ काई नाई. अंगाचं काम आहे ते. आंघोळ कर अन् शाळेत जा." मी गेले. तिचा मला आजही अभिमान आहे. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी चार दिवस घरी बसायच्या आणि मी ताठ मानेनं बाकावर बसायची. पण यात एक झालं. वेगळं बसणं नाही, म्हणून कोणाला कळणं नाही. कळणं नाही, म्हणून विचारणं नाही. माझी पाळी तेव्हाही बारा-बारा, पंधरा-पंधरा दिवस चालायची. आमच्या घरात पाळी पाळत नसत, त्यामुळे ती कधी सुरू झाली आणि कधी संपली याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नव्हता. मला वाटायचं, मोजणं म्हणजे मागासलेपण.

आणि पुढं माझी बदली झाली ती नेमकी अशा गावात, जिथं बाया पाळीत गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहतात. चार भिंती, गळकं छप्पर, दाराला कडी नाही. पहिल्याच वर्षी मी त्यावर भाषण ठोकलं. आजही ठोकेन. त्या घरात पावसाळ्यात साप निघतात, बाळंतिणीसुद्धा तिथं पडून राहतात, आणि मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गोंड बाई माझं भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, बारीक, हातावर गोंदण. भाषण संपल्यावर त्यांनी मला पानावर चारोळीची फळं, चारं, आणून दिली आणि हसून म्हणाल्या, "लय बोलता, मॅडम. घसा सुकला असन." पाच वर्षं आमचं हे भांडण प्रेमानं चाललं होतं.

ऑपरेशनला महिना राहिला असेल. दुपारची गोष्ट. मुलं जेवून उठली होती, मी हापशीजवळ ताटं मोजायला उभी होते आणि डोळ्यांपुढं काळं आलं. बाईंनी मला धरून व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. मुलांना पिटाळलं. मग माझ्यासमोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "कित्ती दिस झाले, मॅडम?"

"कशाचे?"

"मले काय इचारता? सतरा दिस तुमी काळी नाई तं मातकट साडी नेसून राह्यल्या. मधी दोन दिस ते पिवळी नेसल्या. आता पुना काळी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पर्स ओढली आणि तेच म्हटलं जे सगळ्यांना म्हणत होते. "सिकल आहे मला, बाई."

"सिकल तं माया सुनेले बी हाय. पक्कं सिकल. तिचे हाडं दुखते, रातभर कण्हते. पन असं रगत नाई जात तिचं." पदर खोचत त्या म्हणाल्या, "तुमी कुर्मा पाळत नाई. बराबर हाय, नोका पाळू. पन मोजत बी नाई?"

मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"आमच्या कुर्मात कोन कवा आली, कवा गेली, सब बायाइले मालूम राह्यते. मांगच्या साली एक पोरगी पंधरा दिस झाले तरी तिथीच. तं आमीच तिच्या मायले म्हनलो, हे बराबर नाई, दवाखान्यात ने. तुमाले कोन म्हनन? तुमी तं एकटेच घेऊन फिरून राह्यल्या."

मला राग आला. खरं सांगते, कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही, राग आला. ज्या घराविरुद्ध मी पाच वर्षं बोलले, त्याच घराच्या ओसरीवरून मला कोणी शिकवत होतं. संध्याकाळी स्कूटीवर मी मोठ्यानं त्यांच्याशी भांडत घरी आले. म्हणे मोजत नाही! मोजायचं काय त्यात? पण घरी आल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे साड्यांवरून दिवस लावू लागले. काळी, काळी, मातकट, काळी, पिवळी, पिवळी, काळी. त्या महिन्यात कोरडे दिवस चार निघाले.

चंद्रपूरच्या कागदावर मात्र तीच आठ तारीख होती. म्हणजे ज्या कागदावर माझी पिशवी काढायची ठरली होती, तो कागदच खोटा होता, आणि तो खोटेपणा डॉक्टरांचा नव्हता, माझा होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गडचिरोलीतच सरकारी दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर तरुण होती, मराठवाड्याकडची, नवीनच आलेली. रांग मोठी होती. मी बाकावर बसले नाही, भिंतीला टेकून दीड तास उभी होते. आत गेल्यावर तिला कॅलेंडरचं पान काढून दिलं. हो, अख्खं पानच फाडून नेलं होतं, दुधाच्या नोंदींसकट. तिनं ते नीट वाचलं. मग मी सवयीनं सिकलचं कार्ड पुढं केलं.

"हे वाहकाचं कार्ड आहे," ती म्हणाली. "यानं हिमोग्लोबिन सातवर येत नाही, मॅडम. हे तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे," मी म्हटलं. आणि खरंच, माहीत होतं.

मग तिनं पिशवीबद्दल विचारायचं सोडून भलतंच विचारायला सुरुवात केली. लहानपणी नाकातून रक्त यायचं का? यायचं, उन्हाळाभर. दाढ कधी काढली आहे? काढली होती, चंद्रपूरला. रक्त किती वेळ आलं? दोन दिवस. उशीला लागलं होतं. मग दातांचे डॉक्टर काय म्हणाले? म्हणाले, सिकल असेल. बाळंतपणात? बाळंतपणात दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. तेव्हा काय सांगितलं? मी तोंड उघडलं आणि मलाच हसू आलं, रडूही आलं. सिकल सांगितलं, म्हटलं. तिनं पेन खाली ठेवलं. आत येण्याआधी नर्सनं तपासणीसाठी रक्त काढलं होतं, तिथला माझा कापूस लाल झाला होता, तो तिनं स्वतः बदलला आणि बराच वेळ दाबून धरला.

"आईकडे कोणाला असं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"विचारलं आहे कधी?"

बाहेर येऊन गुलमोहराखाली उभी राहून मी आईला फोन लावला. आई सत्तरीची, फोनवर ओरडून बोलते. मी विचारलं, तुझी पाळी किती दिवस असायची? मग ती म्हणाली, "हे काय इचारून राह्यली तू? सकाळी सकाळी?"

"सांग ना, आई."

"लय राहे. मले बी, माया बहिणीले बी. ते तं बायतपणातच गेली. थांबलंच नाई तिचं."

माझी एक मावशी माझ्या लहानपणी वारली हे मला ठाऊक होतं. ताप येऊन वारली, असं मी कुठून तरी समजून चालले होते. "तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"तू कधी इचारली?" आई म्हणाली. तीही चिडली होती. मग हळू आवाजात म्हणाली, "तुले भेव नाई वाटावं म्हणून नाई सांगितलं, बाई."

माझं रक्त नागपूरला गेलं. चंद्रपूरच्या ऑपरेशनला त्या डॉक्टरनं चक्क नाही म्हणून लिहून दिलं. त्या खेपेला नवरा सोबत होता. तिनं त्याला समोर बसवून सांगितलं, "संशय खरा निघाला तर यांचं रक्त गोठायला वेळ लागतो. टेबलावर थांबलं नसतं तर?" नवऱ्यानं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा घडी करून ठेवला. परतताना पेट्रोल पंपावर म्हणाला, "मीच हट्ट केला होता ना ऑपरेशनचा?" मी म्हटलं, हट्ट सगळ्यांचाच होता. एवढं बोलून आम्ही घरी आलो, पण त्यानंतर आठ-दहा दिवस तो मला जड बादली उचलू देत नव्हता, आणि त्याचा मला भयंकर वैताग यायचा.

रिपोर्ट आला. नाव लांबलचक आणि परदेशी, पाठ व्हायला मला दोन दिवस लागले. अर्थ साधा. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात त्यातलं एक माझ्यात जन्मापासून कमी. सिकलशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही एकाच अंगात शेजारी शेजारी राहत होते, आणि एकाचं कार्ड बनलं म्हणून दुसऱ्याकडे कोणी पाहिलंच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. पिशवी चांगली आहे, डॉक्टर म्हणाली. वयामुळं थोडी बिघडली असेल, पण मूळ दुखणं तिचं नाही. त्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या दिल्या, पुढं आत हार्मोनची तांबी बसवू म्हणाली. आणि कुठलीही दाढ, कुठलंही ऑपरेशन असेल तर आधी हा कागद दाखवायचा, असं तीनदा बजावलं.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या टेबलावरच हात ठेवून बसले. आजाराचं नाव कळून आनंद होतो, हे ज्याला ते लवकर कळलं त्याला नाही समजणार. मला पेढे वाटावेसे वाटत होते. खिचडी शिजवणाऱ्या बाईंना आधी सांगायचं, मग आईला, असं मनातल्या मनात ठरवतही होते.

"मुलगी आहे ना तुम्हाला?" डॉक्टरनं विचारलं.

"आहे. दहावीत."

"हे आईकडून मुलीकडे जातं. जाईलच असं नाही, पण जाऊ शकतं. तिची पाळी किती दिवस चालते?"

मला माहीत नव्हतं. तिला पाळी येऊन तीन वर्षं झाली होती. शाळेतल्या सातवीच्या पोरींना मी दरवर्षी बसवून सगळं समजावते, चित्रं काढून दाखवते. घरात मी एकदा सगळं सांगितलं होतं, विटाळ-बिटाळ काही नसतो म्हटलं होतं, शाळेत जा म्हटलं होतं, आणि एक शहाणी आई म्हणून स्वतःवर खूश झाले होते. डॉक्टर उत्तराची वाट पाहत होती. मी खुर्चीवरून उठले. उद्या घेऊन येते, म्हटलं.

घरी आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. मुलगी खाली चटईवर गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. मी चहा ठेवला, गॅस बंद केला, पुन्हा लावला. दारात उभी राहिले. तीस पोरींसमोर सहज बोलणारी मी, माझ्या एका पोरीसमोर मला शब्द सापडेना.

"तुझी पाळी किती दिवस असते गं?"

तिनं मान वर केली नाही. "काऊन?"

"असंच. डॉक्टरनं विचारलं."

"तुयी राह्यते तेवढीच."

"म्हणजे किती?"

"बारा. कधी पंधरा. मांगच्या महिन्यात अठरा." तिनं एक गणित खोडलं. "म्हणून तं कबड्डीतून नाव काढून घेतलं. सरनं इचारलं तं सांगितलं, अभ्यास आहे."

कबड्डी सुटली तेव्हा मला आनंद झाला होता. शेजारच्या बाईंना मी सांगितलं होतं, पोरगी आता अभ्यासाला लागली.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

आता तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, नवल होतं. "काय सांगू? तू बी तं तशीच जातं ना शाळेत. मले वाटलं, सगळ्याइचं असंच राह्यते."

मी तिच्याजवळ खाली बसले. तिचा हात हातात घेतला. कोपराच्या वर एक निळा डाग होता, जुना, कडेनं पिवळा पडत चाललेला. बाकाला लागलं असेल, ती म्हणाली, मले लवकरच डाग पडते. मी त्या डागावर अंगठा ठेवला आणि विचारलं, आत्ता आहे का तुझी?

"हो."

"कितवा दिवस?"

तिला आठवावं लागलं नाही, बोटं मोजावी लागली नाहीत. "अकरावा," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला हात हळूच सोडवून घेऊन पुढचं गणित सोडवायला लागली.